न प्यायलेल्या दारूची माळ

हर्षितकाकाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, तरी आमच्या आजीने त्याला दारू सोडण्यासाठी तुळशीची माळ घालायला लावली. आणि त्याने ती घातली. मान खाली करून, एक शब्द न बोलता. आमच्या घरात एक शब्द न बोलता कुणी काही केल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

आमचं घर बाळकुमचं आणि आमच्याकडे सगळे एकाच वेळी बोलतात. आजोबा, म्हणजे सहदेव भोईर, तरुणपणी मिठागरात होते. तिथे वाऱ्यात हाक मारायची सवय लागली ती गेली नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ताटाशेजारच्या माणसाला वाटी सरकव सांगतानासुद्धा ते असे ओरडतात, की तो माणूस दोन बांध पलीकडे उभा आहे असं वाटावं. आजीचं नाव शकू. तिचं बोलणं म्हणजे एकच वाक्य, सकाळी सहाला सुरू होतं आणि जेवताना एकदा स्वल्पविराम घेतं. जिथे आमची शेती होती तिथे आता सात बिल्डिंगा आहेत, पण आजी अजून लिफ्टमध्ये शिरताना "शेतान जाऊन येतंय" असंच सांगते, आणि खाली जाऊन पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसते.

या सगळ्यांत वेगाने बोलायचा तो हर्षितकाका, माझ्या पप्पांचा धाकटा भाऊ. वाक्याचा शेवट तो गिळून टाकायचा, कारण पुढचं वाक्य आधीच तोंडात येऊन उभं असायचं. स्वतःच्याच विनोदावर नाकातून हसायचा, हुं-हुं, बरोबर दोनदा. मी घरातल्या सगळ्यांचे आवाज काढतो. आजोबांना नुसता घसा लागतो, आजीला दम लागतो. काकाचा आवाज काढायला मात्र जीभच दुसरी लागायची. सातवीत असताना मी तो महिनाभर घोटला आणि जमला तेव्हा शेजारच्या खोलीतून आजी म्हणाली, "हर्षित, जेवलास का रं?"

काका एमएमए फायटर. बॉक्सिंग, कुस्ती, लाथा, सगळं एकत्र, आठ कोनी जाळीच्या आत. सुरुवात गावच्या कबड्डीच्या संघातून झाली. तो डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा आणि एकदा घोटा धरला की शिट्टी वाजल्यावरही सोडायचा नाही. त्यावरून चार वेळा भांडणं झाली. शेवटी कल्याणच्या एका पोराने, ज्याचा घोटा सुजला होता त्यानेच, सांगितलं की डोंबिवलीत एक जागा आहे, तिथे शिट्टी वाजवत नाहीत. काका दुसऱ्या दिवशी बाईक काढून गेला.

ती जागा एमआयडीसीतल्या एका टेम्पोच्या गॅरेजच्या वर होती. पत्र्याचं छप्पर, खाली मॅट, मॅटखालून ऑइलचा वास. चालवणारे पोपट सर. मूळचे साताऱ्याकडचे, कान कुस्तीत चुरगळलेले, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय. "हात वर, हात वर. हनुवटी आत, हनुवटी आत." काका पहिल्या दिवशी घरी आला तो त्यांची नक्कल करतच. म्हणजे माझ्या अंगात हे कुठून आलंय ते मी सांगायला नको. शीळफाट्याची सगळी धूळ खात तो रोज डोंबिवलीला जाऊन यायचा. अकरा वर्षं.

आजीला सुरुवातीला हे काही पटलं नाही. पोरांना पिंजऱ्यात कोंडून मारायला लावणारी माणसं कोण, त्यांना पोरंबाळं नाहीत का, असं ती पार्किंगमध्ये प्रत्येकाला विचारायची. पण काका जिंकत गेला. तेरा लढतींत नऊ विजय. पहिल्या विजयानंतर नाक्यावर फ्लेक्स लागला, 'बाळकुमचा ढाण्या वाघ'. त्यावर अकरा चेहरे होते आणि वाघ डावीकडून सातवा. आजी त्या फ्लेक्सखाली रिक्षा थांबवून दोन मिनिटं बघायची आणि मग रिक्षावाल्यालाही बघायला लावायची.

लढतीच्या आधी वजन उतरवायचं म्हणजे आमच्या घरातला सण. काका एरवी सत्तर किलोचा, लढायचा एकसष्टच्या गटात. शेवटच्या पाच दिवसांत जेवण बंद, मग पाणी बंद, मग गरम पाण्याच्या टबात मीठ टाकून त्यात गळ्यापर्यंत बसायचं, म्हणजे अंगातलं उरलंसुरलं पाणी निघतं. पोपट सरांनी औषधाच्या दुकानातलं कसलंसं पांढरं मीठ लिहून दिलं होतं. आजोबांनी ती पुडी हुंगून बाजूला ठेवली आणि स्वतः जाडं मीठ आणलं, पिशवीच्या पिशवी. मीठ पाणी कसं ओढतं हे मना कोन शिकवनार, असं ते बाथरूमच्या दारातून अख्ख्या विंगला सांगायचे. आत काका लाल होऊन बसलेला. बाहेर आजी त्याच्यासाठी रडत असायची, कारण घरात जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, परतायचा नाही असा हुकूम होता. वास आला की काकाला सहन व्हायचं नाही. वजन झालं, लढत झाली, की गाडीत बसताबसता तो मला आवाजी मेसेज टाकायचा, "ए संद्या, आजीला सांग जवळा टाक तव्यावर, मी निघालोय, हुं-हुं." सगळं एका श्वासात.

तीन वर्षांपूर्वी इंदूरला त्याच्या कानामागे लाथ बसली. आम्ही घरी मोबाइलवर बघत होतो. तो खाली पडला तरी त्याचे हात कुणाला तरी धरल्यासारखे वर होते. शुद्धीवर आल्यावर त्याने पोपट सरांना विचारलं, "कुठल्या राउंडला जिंकलो?" हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढचे सहा महिने कुणी पाहुणे आले की मी ते करून दाखवायचो, डोळे फिरवून. फर्माईश यायची.

आठ महिन्यांनी पुन्हा तसंच झालं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या राउंडला. त्यानंतर त्याने दोन लढती जिंकल्या, म्हणून आम्ही ते विसरलो. मधल्या काळात गॅरेजच्या वर आठवड्यातून तीनदा सराव चालूच होता, आणि सरावातला मार मोजत नाहीत.

मग बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. रिमोट मागताना तो 'ते' म्हणून थांबायचा आणि बोटं हलवायचा. ट्यूबलाइट लावली की चिडायचा. जिना उतरताना कठडा धरायला लागला, बत्तीस वर्षांचा माणूस. आणि बोलणं जड झालं. शब्द आधी जिभेवर बसायचे, मग उठायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात दर्शनाआत्याची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. लॉनवर हजारभर माणूस, बॅन्जो, आणि मंडपामागे पुरुषमंडळींची वेगळी बैठक. काका त्या बैठकीत कधी बसत नसे. त्यावरून त्याची चेष्टाही व्हायची, की वाघ सरबत पितो. त्या संध्याकाळी तो पाहुण्यांचं स्वागत करायला माईकवर उभा राहिला आणि त्याला नीट बोलता येईना. 'दर्शना' म्हणताना जीभ वळेना. तोल गेल्यासारखा त्याने माईकचा दांडा धरला. खाली एकदम शिट्ट्या सुरू झाल्या. आमचा मयूरदादा, आत्याचा दीर होणारा, धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. म्हणाला, "आज आमच्यातला झालास. इतकी वर्षं कुठं होतास रे?"

काका बघत राहिला. मग नाकातून हसला, हुं-हुं, आणि मयूरदादाच्या खांद्यावर हात टाकून आणखी थोडा झुलला. तो झुलला ते मुद्दाम, हे मला आता माहीत आहे.

पुढचा भाग माझा. कुणीतरी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणालं, आता तू हर्षित कर. मी केला. जड जीभ, अडकलेला शब्द, दांडा धरून हलणं, सगळं. इतकी चांगली नक्कल मी त्याआधी कधी केली नव्हती. हजार माणूस हसत होतं, बॅन्जोवाले वाजवायचे थांबले होते, काका स्वतः टाळ्या वाजवत होता. आजी तेवढी हसली नाही. हळदीचं ताट हातात धरून ती काकाकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झोपलेल्या काकाच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. पण आजीचं म्हणणं, हल्ली बिनवासाची पण मिळते, टीव्हीत दाखवतात. पुढच्या एकादशीला तिने त्याला गावातल्या देवळात नेलं, बुवांसमोर बसवलं आणि माळ घालायला लावली. आमच्या गावात अशा माळेने कितीतरी संसार सावरलेत. माळ घातलेला माणूस दारू शिवत नाही, मांसमच्छी शिवत नाही, आणि घातलेली माळ काढत नाही.

त्या दिवसापासून काकाचं चिकन गेलं, अंडी गेली, जवळा गेला. पोपट सरांनी डोक्याला हात लावला. प्रोटीन कुठून आणू, प्रोटीन कुठून आणू. काका वाटीभर सोयाबीन घेऊन गॅलरीत बसायचा आणि औषध घेतल्यासारखा एकेक दाणा गिळायचा. आत आजी त्याच्यासमोर नको म्हणून स्वतःही सुकी मासळी खायची बंद झाली. तिने पार्किंगमध्ये बसून सगळ्यांना सांगितलं होतं, पोराला लागली होती, आता सुटेल.

मी एकदा गॅलरीत त्याला विचारलं, तू पीत नाहीस हे सांगून का टाकत नाहीस.

त्याने आधी दार ओढून घेतलं. मग बोलला, हळूहळू, शब्द शोधत. "बेवडा फायटर चालतो, संद्या. बेवड्याची उतरते. डोक्याची उतरत नाय. ते कळलं तर जाळीत कोण सोडेल मला?" माझ्याकडून शपथ घेतली. दुबईची एक मोठी लीग होती, तिथे एक लढत मिळाली की बास, मग तो थांबणार होता. मी शपथ घेतली आणि पाळली. मला वाटलं, मोठा माणूस आहे, त्याला कळतं.

दुबईचा फोन जानेवारीत आला. लीगसाठी फायटर निवडणारे सेठी सर म्हणून होते, दिल्लीचे. त्यांचं बोलणं म्हणजे लोण्यावर सुरी. फेब्रुवारीत लढत देतो म्हणाले, डोक्याचं स्कॅन पाठव. काकाने स्कॅन केलं, त्यात काही दिसलं नाही, आणि त्या रात्री त्याने मला भेळ खायला नेलं. पण चार दिवसांनी सेठी सरांचा मेसेज आला. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की बाळकुमचा पोरगा नीट बोलत नाही. रविवारी पाच वाजता फोन करतो, दहा मिनिटं गप्पा मारू, आवाज ऐकू दे तुझा.

रविवारी दुपारी काकाने मला त्याच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात पंचिंग बॅग लटकत होती, पलंगावर मोबाइल ठेवलेला. तो म्हणाला, "फोनवर मी नाय, तू बोलायचं. तू मी हो."

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतकी मोठी संधी मला कुणी दिली नव्हती. दहा मिनिटं, समोर दिल्लीचा माणूस, आणि पकडला गेलो तर काकाची दुबई जाणार. मी घसा खाकरला. काका म्हणाला, आधी एकदा करून दाखव. मी डोळे मिटले आणि बोललो, हां सर, हर्षित बोल रहा हूँ, एकदम फिट हूँ, आप बस डेट बताओ.

डोळे उघडले तर काका माझ्या तोंडाकडे बघत होता.

"परत," तो म्हणाला.

मी परत केलं. आणि या वेळी मलाच ऐकू आलं. जीभ जाड. 'हर्षित'मधला ष घसरलेला. 'एकदम' आणि 'फिट' यांच्या मध्ये एक खड्डा, ज्यात एक माणूस काहीतरी शोधत होता. मी हळदीतला केला होता. तेव्हापासून तोच करत होतो ना. जिभेवर तोच येऊन बसला होता.

"असा बोलतो मी?" काकाने विचारलं.

नाही म्हणून चालणार नव्हतं, माझा कान सगळ्यांना माहीत आहे. माणसाला स्वतःचं बोलणं आतून ऐकू येतं, तिथे ते कदाचित जुनंच राहतं. मग त्याने माझा मोबाइल मागितला, आमच्या दोघांचे मेसेज वर सरकवत सरकवत तीन-चार वर्षं मागे गेला आणि एक लावला. ए संद्या, आजीला सांग जवळा टाक तव्यावर, मी निघालोय, हुं-हुं.

तो त्याने तीनदा ऐकला. मला एकदाच पुरला. जीभ आपोआप जागेवर आली आणि मी तो आवाज काढला, हुबेहूब, शेवट गिळून, नाकातल्या हसण्यासकट. "आता जमलं, काका," मी म्हणालो. "आता दे फोन."

पाच वाजले होते. मोबाइल पलंगावर थरथरायला लागला. मी हात पुढे केला. काकाने तो उचलला, पण माझ्या हातात दिला नाही.

"सर, हर्षित बोल रहा हूँ," तो म्हणाला. मग थांबला. मी बघत होतो, त्याचे ओठ पुढच्या शब्दाचा आकार करत होते आणि शब्द येत नव्हता. पलीकडून सेठी सर हॅलो, हॅलो म्हणत राहिले. "आप मेरी आवाज़ सुनना चाहते थे ना," काका शेवटी म्हणाला. "यही है."

नंतर सेठी सर हळू आवाजात बरंच काही बोलले. काकाने दोनदा हां सर म्हटलं आणि फोन ठेवला. त्याची जागा दोन दिवसांत इंफाळच्या एका पोराला मिळाली.

दार ढकलून आजी आत आली. ती पलीकडूनच ऐकत असणार. तिने त्याच्या गळ्याकडे बोट केलं. "माळ गल्यान हाय ना तुझ्या? तरी घेतलीस?"

"आये," काका म्हणाला, "मी कवाच नाय पिलो."

"मंग यो काय हाय? असा काय बोलतंस?"

काकाने दोन बोटं कानामागे टेकवली. आजी त्याच्याजवळ पलंगावर बसली. आमच्या आजीचं ते एकच एक वाक्य तिथे तुटलं. मी ते तुटताना ऐकलं, आणि तो आवाज मी कधी काढणार नाही. मग तिचा हात माळेकडे गेला, काढून टाकावी म्हणून. काकाने तो धरला. इतकं मन मारून घातलीय, आता राहू दे म्हणाला.

संध्याकाळी पोपट सर डोंबिवलीहून आले. चहा घेतला नाही. मी तीन वर्षांपूर्वीच थांबवायला पाहिजे होतं, असं आजोबांना म्हणाले. आम्ही ते दुसऱ्यांदा ऐकायची वाट बघत राहिलो. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक वाक्य एकदाच उच्चारलं. आजोबाही ओरडले नाहीत. मिठाच्या दोन पिशव्या बाथरूमच्या माळ्यावर होत्या, त्या त्यांनी खाली काढल्या आणि खाडीच्या बाजूला ओतून आले.

दुसऱ्या दिवसापासून आजी सातही बिल्डिंगांत फिरली. जिथे जिथे तिने पोराला लागलीय म्हणून सांगितलं होतं, तिथे तिथे जाऊन सांगायला लागली की तो प्यायचा नाही, त्याच्या डोक्याला मार बसलाय. बायका तिला पाणी द्यायच्या, हो हो म्हणायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. बेवड्याच्या आईच्या पाठीवरून फिरवतात तसा. एकजणीने दुसऱ्या बुवांचा पत्ता दिला. आजी तो पत्ता हातात घेऊन घरी आली आणि चपला न काढता बसून राहिली.

नौपाड्यात एक डॉक्टरबाई आहेत, मेंदूच्या. पुस्तकासारखं स्वच्छ बोलतात, प्रत्येक वाक्याला शेवट असतो. काका, आजी आणि मी गेलो. त्यांनी काकाला एका रेषेत चालायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. तो सप्टेंबरला अडकला. असं स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्या म्हणाल्या. यापुढे डोक्याला एकही मार नको. काही भरून येईल, काही येणार नाही, काही कदाचित वाढेल, आज सांगता येत नाही. मग पेन उघडून विचारलं, "बोलण्यातला फरक नेमका कधीपासून आहे?"

काकाला सांगता येईना. आजी म्हणाली, मे महिन्यापासून, हळदीपासून. मी म्हणालो, नाही, त्याच्या आधीपासून.

"तुला कसं माहीत?"

कसं सांगणार. मी करून दाखवलं. आधी जुना काका, इंदूरच्या अगोदरचा, जवळा टाक तव्यावर, मी निघालोय. मग इंदूरनंतरच्या गणपतीतला, नुसता श्वास जरा जास्त घेणारा. त्यानंतरच्या दिवाळीतला, र घोटाळणारा. दुसऱ्या माराच्या नंतरचा, मध्येच 'ते' म्हणून थांबणारा. हळदीतला. आणि शेवटी त्या सकाळी रिक्षा ठरवतानाचा. सगळं माझ्याकडे होतं. एकही आवाज हरवला नव्हता, पण ते कधी वरून खाली ओळीने लावून बघितले नव्हते. त्यातला एकेक मी पाहुण्यांना करून दाखवलाय आणि टाळ्या घेतल्यात.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. काका मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसला होता. आणि आजी, मी पहिला आवाज काढल्यापासून, मागे वळून दाराकडे बघत होती. जणू तिथून कुणीतरी आत येणार होतं.

परतीच्या रिक्षात आम्ही तिघं दाटीने बसलो, आजी मध्ये. माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल लागला तेव्हा ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "संद्या, यो पयला आवाज इसरू नको हां."

काका बाहेर बघत होता. सिग्नल सुटला, रिक्षा हलली, तेव्हा कुठे त्याचं बोलणं निघालं. "रोज... म्हणत जा," तो म्हणाला.

काका आता गावच्या पोरांना कबड्डी शिकवतो. घोटा धरायला, आणि शिट्टी वाजली की सोडायला. मी त्याची नक्कल कुणासमोर करत नाही. लोक मागतात, लग्नांत विशेष, मी आजोबा करून वेळ मारून नेतो. फक्त रोज आंघोळीला गेलो की नळ मोठा सोडतो, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि एकदाच म्हणतो. ए संद्या, आजीला सांग जवळा टाक तव्यावर, मी निघालोय. परवा नळाला पाणी कमी होतं. बाहेर आलो तर आजी बाथरूमच्या दाराला टेकून उभी होती, पदर तोंडाला लावून.